माडवेळच्या वहीतली एक ओळ

जानेफळात मला 'बत्तीवाले' म्हणतात. नव्या माणसाला वाटतं, हे वीज खात्यातून निवृत्त झालेले दिसतात. दोनदा तर डीपी जळाली म्हणून लोकांनी सकाळी सकाळी माझं दार वाजवलं. मी सांगितलं, बाबांनो, माझी बत्ती समुद्रावरची होती, तुमच्या मोटारपंपाची नव्हे. त्यावर एकाने अगदी काळजीने विचारलं, "मंग समुद्रात खांब कसा गाडला, काका?"

बुलढाणा जिल्ह्यातल्या माणसाने आयुष्याची तेवीस वर्षं दीपगृहावर काढावीत हे लोकांना अजून पटत नाही. मलाही कधी कधी पटत नाही. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं, काका, दीपगृह बघायला येणाऱ्यांच्या गमती लिहा, दिवाळीत वाचकांना जरा हसवा. गमती आहेत, त्या लिहितोच. पण माझ्या नोकरीत मी वहीत एक ओळ खोटी लिहिली. त्या ओळीमुळे एक मेलेला माणूस त्याच्या गावात आजही 'ज्याला मोजता आलं नाही तो' म्हणून ओळखला जातो. ती ओळ दुरुस्त करायला मिळेल म्हणून मी या लेखाला हो म्हटलं. संपादकांना हे आत्ता वाचतानाच कळत असेल. त्यांनी मला माफ करावं.

आधी दीपगृह म्हणजे काय ते सांगतो.

माडवेळचं दीपगृह कोकणात, समुद्रात घुसलेल्या एका टेकाडाच्या टोकावर आहे. इंग्रजांच्या काळात काळ्या दगडात बांधलेलं. आत गोल जिना, एकशे बारा पायऱ्या. सगळ्यात वर चहूबाजूंनी काचेची खोली आणि तिच्याबाहेर कठड्याचा सज्जा. खोलीच्या मधोमध माणसाहून उंच भिंग. ते एका काचेचं नव्हे, शेकडो काचा पितळी चौकटीत बसवून केलेलं. ते जहाजातून आलं आणि टेकाडावर माणसांच्या खांद्यांवरून चढलं, असं जुने लोक सांगायचे. आत दिवा पूर्वी रॉकेलचा होता, माझ्या वेळी विजेचा. दिवा काही फार मोठा नसतो. सगळी करामत भिंगाची.

आणि हे एवढं वजनदार भिंग पाऱ्यावर तरंगतं. खाली गोल हौद, हौदात पारा, त्यावर भिंगाची बैठक. एका बोटाने ढकला, फिरायला लागतं. पाहुण्यांना मी हे करायला लावायचो आणि त्यांचे चेहरे बघायचो. माझ्या नोकरीतली ती सगळ्यात मोठी चैन.

लोकांना वाटतं दीपगृहाचा दिवा लुकलुकतो. तो लुकलुकत नाही. तो सतत पेटलेलाच असतो, फिरतं ते भिंग. भिंगावर मोठे गोल डोळे असतात. डोळा तुमच्याकडे वळला की लांबून झगझगीत उजेड दिसतो, पुढे सरकला की अंधार. आमच्या भिंगाला तीन डोळे आणि एका फेरीला तीस सेकंद, म्हणजे दर दहा सेकंदांनी एक झोत. आमच्या दक्षिणेला कातळीचं दीपगृह. त्याचा झोत दर पंधरा सेकंदांनी. समुद्रातून दोन्ही दिवे सारखेच दिसतात. होडीतला माणूस एका झोतापासून दुसऱ्या झोतापर्यंत मोजतो. दहा आले तर माडवेळ, म्हणजे पुढे खडक आहेत, लांब राहा. पंधरा आले तर कातळी, म्हणजे खाडीचं तोंड आहे, खुशाल आत वळा. दिव्याचा उजेड लागतोच, पण नावाड्याचा जीव त्या आकड्यावर असतो.

आता गमती. दुपारी तीनपासून सूर्य बुडेपर्यंत आम्ही तिकीट घेऊन लोकांना वर सोडायचो. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुटीत जिन्यावर रांग लागायची. एक गृहस्थ वर आले, मला विचारून दुबईची दिशा नक्की करून घेतली आणि तिकडे पाच मिनिटं हात हलवत उभे राहिले. मेव्हणा तिकडे होता. एका नवऱ्या मुलाने पितळी चौकटीवर किल्लीने बायकोचं नाव कोरायला घेतलं. मी त्याच्या हातात पॉलिश आणि फडकं दिलं आणि सगळी चौकट घासून घेतली. बायको शेजारी उभी राहून 'तो कोपरा राहिला' सांगत होती. त्यांचा संसार चांगला झाला असणार.

आणि पडदे. दिवसा आम्ही काचांना आतून पांढरे पडदे लावायचो. लोक विचारायचे, दुपारी इथे झोपता का? पडदे झोपेसाठी नव्हेत. भिंग जसा आतला उजेड बाहेर फेकतं तसंच बाहेरचं ऊन आत गोळा करतं, आणि ते एका ठिकाणी पडलं की आग लागते. एका हौशी फोटोवाल्याने माझी पाठ वळल्यावर पडदा सारला. दोन मिनिटांत त्याच्याच पिशवीचा पट्टा धुमसायला लागला. ते पडदे माझी बायको सुमन घरच्या मशीनवर शिवायची. दुसरबीडची मुलगी, लग्नाआधी तळ्याहून मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पण खारं वारं कापड किती दिवसांत खातं याचा तिचा अंदाज आमच्या साहेबांपेक्षा पक्का होता.

हसवून झालं. आता ती रात्र.

पावसाळा सरता सरता वादळ आलं होतं. आम्ही दोघं पाळीने काम करायचो, मी आणि परब. परब तापाने खाली क्वार्टरमध्ये पडलेला. मध्यरात्र उलटल्यावर भिंग फिरवणाऱ्या मोटरीच्या दातेरी चाकातली पिन तुटली आणि भिंग थांबलं. दिवा चालू, भिंग उभं. म्हणजे तीन दिशांना सतत उजेड आणि बाकी सगळीकडे काळोख. अशा वेळी नियम साधा असतो. हाताने फिरवायचं. एकाने ढकलायचं आणि दुसऱ्याने घड्याळ धरून वेळ सांगायची. दोन माणसं लागतात.

मी परबला हाक मारली नाही. तापाने फणफणलेला माणूस, एकशे बारा पायऱ्या, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे मला वाटलं, त्यात काय एवढं, मी एकटा करतो. सकाळी साहेबांना सांगता येईल, एकट्याने रात्र काढली. ती घमेंड होती. आज लिहिताना दुसरा शब्द सापडत नाही.

पेटलेल्या दिव्याजवळ काळा चष्मा लावावा लागतो, नाहीतर डोळे जातात. काळ्या चष्म्यातून घड्याळ दिसेना. सुरुवातीला मी दर दोन फेऱ्यांनी बाजूला जाऊन चष्मा काढून बघायचो, पण तेवढ्यात भिंगाची गती पडायची. मग घड्याळ खिळ्याला अडकवलं आणि तोंडाने मोजायला लागलो. एका डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत दहा. चौकट धरून भिंगाभोवती चालत राहिलो. पहाटेपर्यंत. शेवटी शेवटी पाय आपोआप पडत होते आणि तोंड आपोआप मोजत होतं. काय मोजत होतं, कसं मोजत होतं, याकडे माझं लक्ष नव्हतं.

उजाडल्यावर दिवा विझवला, पडदे लावले आणि वहीत लिहिलं: 'मोटर बंद. भिंग हाताने फिरवले. काळ दहा सेकंद, बरोबर.' घड्याळाने तपासलेलं नव्हतं. पण रोज तसंच लिहायचो, तसंच लिहिलं.

तोवर खाली खडकांवर बोट फुटलेली होती.

चौघं होते. दोन दिवस इंजिन बंद पडून वाऱ्याने भरकटलेली बोट. आपण किनाऱ्याच्या कुठल्या भागाला आहोत याचा त्यांना पत्ता नव्हता. तिघं पोहून आले. तांडेल, म्हणजे बोट चालवणारा आणि वाट ठरवणारा, जनार्दन, तो आला नाही. चौतीस वर्षांचा होता. वाचलेले तिघं एकच सांगत होते. दिवा दिसला, जनार्दनने पुन्हा पुन्हा मोजलं, पंधराच आले. तो म्हणाला, कातळी आली रे, देवाने सोडवलं, आणि त्याने बोट आत वळवली.

चौकशी झाली. साहेबांनी वही पाहिली आणि मला विचारलं, "काळ बरोबर होता?" मी म्हणालो, "हो साहेब." तेव्हा मला खरंच तसं वाटत होतं. मग कागदावर आलं की तांडेलाने मोजण्यात चूक केली. गावात या गोष्टीला पाय फुटले. कुणी म्हणालं प्यायलेला असेल, कुणी म्हणालं घाबरून भरभर मोजलं असेल. भरभर मोजलं तर आकडा वाढतो, हे तर मीच एकाला समजावून सांगितलं होतं.

पुढच्या वर्षी त्याच तिथीला एक म्हातारा तिकीट काढून वर आला. धाकू नाखवा, जनार्दनचा बाप. मी तिकिटाचं नको म्हटलं, त्याने ऐकलं नाही. सज्जावर जाऊन खडकांकडे तोंड करून बराच वेळ उभा राहिला. आत येऊन म्हणाला, "बत्तीवाले, हातान फिरवताव तेवा कसा मोजताव? दाखवा बघू."

मी दाखवलं. दिवसाउजेडी, चष्म्याशिवाय, एका हातात घड्याळ धरून. बरोबर दहा. पुन्हा दहा. म्हातारा माझ्या हाताकडे बघत होता. मान हलवली आणि म्हणाला, "बराबर हाय. तुमचा बराबर हाय." मी त्याला खाली क्वार्टरमध्ये नेऊन चहा पाजला. त्यानंतर तो दरवर्षी यायचा. तिकीट काढायचा, सज्जावर उभा राहायचा, चहा प्यायचा. जाताना विचारायचा, "बत्ती बरी चालते ना?"

तिसऱ्या वर्षी हिवाळ्यात जानेफळहून कोकण पाहायला निघालेली म्हाताऱ्यांची बस माडवेळला आली. मी वर होतो. जिन्यातून आवाज आला, "ओ भाऊ, दम घे बे जरा, गुडघे गेले माह्ये!" आणि पाठोपाठ दुसरा, "काऊन आला मंग? घरी झोपून राह्यचं होतं!" किती वर्षांनी ती बोली कानावर पडली. त्या गर्दीत सगळ्यात शेवटी, भिंतीला हात टेकत, माझे बाबा होते. मला न कळवता आले होते.

बाबा गावचे मापारी. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. काट्यावर तोलायची पद्धत येण्याआधी खळ्यात धान्य पायलीने मोजायचे. मोजणारा मापारी पहिल्या मापाला 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतो. आणि आकडा एकदाच म्हणत नाही. माप भरून ओतेपर्यंत तोच आकडा घोळवत राहतो, म्हणजे विसर पडत नाही. लाभ, लाभे लाभ, मग दोन, दोने दोन. बाबांचा आवाज खळ्यावरून शिवेपर्यंत जायचा. शाळेत जाण्याआधी मी अंक शिकलो ते त्यांच्या शेजारी, कडब्यावर बसून.

काचेच्या खोलीच्या दारात त्यांनी चपला काढल्या. मी म्हटलं बाबा, राहू द्या. म्हणाले, "राह्यलं तं राह्यलं. तुही भाकर हाय इथं." मी त्यांना भिंगाला बोट लावायला सांगितलं. भिंग हललं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"अबे, हे तं पायलीपेक्षा हलकं हाय!"

मी सगळ्यांना सांगितलं, एक डोळा गेला की दुसरा दहा मोजेपर्यंत आला पाहिजे. बाबा म्हणाले, "मोजू का? मोजायचं काम माह्यं हाय." आणि भिंग ढकलत, त्याच्याबरोबर चालत, त्यांनी सूर लावला. "लाभ… लाभे लाभ… दोन… दोने दोन…" बसमधली म्हातारी मंडळी हसायला लागली आणि त्यांच्या सुरात सूर मिसळू लागली. मी सवयीने घड्याळाचं बटण दाबलं. 'दहा' झाले तेव्हा पाहिलं. पंधरा सेकंद.

मी म्हणालो, "बाबा, पुन्हा एकदा." पुन्हा पंधरा.

आणि मला ती रात्र ऐकू आली. पाय चालतायत, डोळ्यांवर काळा चष्मा, आणि माझ्या तोंडून, माझ्याच आवाजात, लाभे लाभ, दोने दोन. थकल्यावर माणसाची जीभ घरी जाते. माझी खळ्यावर गेली होती. सगळी रात्र मी समुद्राला पायलीने मोजून देत होतो.

माझा चेहरा बदललेला बाबांनी पाहिला. बोट भिंगावरून काढून घेतलं. "काऊन बे? चुकलं काय माह्यं?"

"नाही बाबा," मी म्हणालो, "बराबर हाय."

बाबा गावी परतले आणि मरेपर्यंत पारावर सांगत राहिले, "म्या समुद्राची बत्ती फिरवली, मोजून फिरवली." त्यांना मी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती बत्ती त्यांच्या बोटाखाली विझली असती, असं मला वाटायचं. हे एक कारण. दुसरं कारण साधं होतं. नोकरी जाईल, पेन्शन जाईल, मुलीचं लग्न व्हायचं होतं. दोन कारणं असली की माणूस लोकांना चांगलं तेवढं सांगतो. मी स्वतःलाही तेच सांगत होतो.

सुमनला मात्र सांगितलं, बस गेली त्याच संध्याकाळी. ती पडद्याला बंद लावत होती. मशीन थांबवलं. मग म्हणाली, "त्या बुढ्याले चहा पाजून राह्यले तुमी तीन वर्षांपासून. आता सांगा त्याले."

"सांगतो."

"कधी?"

धाकू नाखवा पुढच्या पावसाळ्याअखेर आला. त्याच्या पुढच्या वर्षी आला. अशी सहा वर्षं तो आला आणि सहा वेळा सुमन चहाचा कप त्याच्यापुढे ठेवून माझ्याकडे बघत दारात उभी राहिली. सहा वेळा मी हवामानावर बोललो. एकदा त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बत्तीवाले, एक विचारू?" मी मनात ठरवलं, विचारलं तर सांगायचं. तो माझ्याकडे बघत राहिला, मग कपाकडे पाहिलं आणि म्हणाला, "साखर वाईच कमी घालता काय?" सुमन आत गेली. त्या दिवशी ती जेवली नाही.

सातव्या वर्षी तो आला नाही. गुडघे गेले असतील, मी म्हटलं. सुमन म्हणाली, "तुमाले सुटल्यासारखं वाटून राह्यलं ना?" तिला खोटं सांगणं मला कधी जमलेलं नाही.

पुढे बदली झाली, निवृत्त झालो, जानेफळला घर बांधलं. बाबा गेले. मुलीचं लग्न झालं, नातू शाळेत जायला लागला. घाबरण्यासारखं काही उरलं नाही, तरी मी जात नव्हतो. दोन वर्षांपूर्वी सुमन आजारी पडली. शेवटचे काही महिने ती अंथरुणावरच होती. एके दुपारी मी तिला औषध देत होतो. म्हणाली, "माह्या मागं काही करू नका. तेरवी बिरवी लहानच करा. पण माडवेळले जा."

"जातो."

"कधी?" असं या वेळी तिने विचारलं नाही. तेच मला जास्त लागलं.

ती गेली. मागच्या हिवाळ्यात मी गेलो. मेहकरहून एसटी, मग रेल्वे, मग पुन्हा एसटी. टेकाडावर आता गाड्या लावायला फरसबंदी झाली आहे, नारळपाण्याच्या गाड्या आहेत, रंगीत पाटी आहे. मी रांगेत उभं राहून तिकीट काढलं. धाकू नाखवा का तिकीट काढायचा ते मला तेव्हा कळलं. फुकट वर जायचा हक्क नाही असं वाटलं की माणूस तिकीट काढतो. जुनं भिंग खाली एका खोलीत दोरीआड ठेवलंय, शेजारी माहितीचा फलक, लोक त्याच्यापुढे उभे राहून फोटो काढतात. वर आता लहानसा, आपोआप चालणारा दिवा आहे. तो चुकत नाही. पडदे नाहीत. मी पायऱ्या मोजत चढलो, तीन ठिकाणी बसलो. सज्जावरून खडक दिसले, ओहोटी होती, पोरं त्यावर खेकडे शोधत होती.

मग खाली कोळीवाड्यात गेलो. धाकू नाखव्याचं घर विचारलं. तो गेल्याला बरीच वर्षं झाली होती. घरात जनार्दनची बायको होती, शेवंती. साठीच्या आसपासची बाई, ओटीवर बसून सुकट निवडत होती. मी म्हणालो, मी बत्तीवाला. तिने बसायला पाट मांडला, पाणी दिलं. बोलण्याआधी मी पाणीही पिऊ शकलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. पिन तुटली ती, परबला हाक मारली नाही ते, काळा चष्मा, बाबांचं मोजणं, पंधरा सेकंद, आणि चहाचे सगळे कप.

ती रडली नाही. सुकटीतला हात तसाच राहिला. म्हणाली, "परत सांगा. किती?"

"पंधरा."

"पंधरा." तिने तो आकडा स्वतःशी दोनदा म्हटला. "म्हंजे त्यांनी बराबर मोजला."

"बरोबर मोजलं. तुमच्या नवऱ्याने बरोबर मोजलं. चूक माझी होती."

तिने सुकटीतला हात काढून पदराला पुसला. मग बोलली ते सासऱ्याबद्दल. "दर साली वर चढायचे तुम्हाला विचारायला. जाताना सांगून जायचे, आज विचारतंयच. आले की आम्ही विचारायचो, काय बोलला बत्तीवाला? तर बोलायचे, नाय विचारवला गो. लय भला माणूस हाय. चहा पाजतो. अशा माणसाला कसा विचारू, तू खोटा लिवलास काय म्हणून?"

मी तिथेच खाली बसलो.

तिची दोन्ही मुलं आता पुण्याला कंपनीत आहेत. बोटीवर त्यांना कुणी तांडेल होऊ दिलं नाही. ज्याच्या बापाला दिवा मोजता आला नाही त्याच्या हातात बोट कोण देणार, असं लोक तोंडावर म्हणाले होते. हे ती रागाने सांगत नव्हती. पाऊस किती झाला ते सांगावं तसं सांगत होती. मी म्हणालो, मी आत्ता तुमच्याबरोबर येतो, चावडीवर, देवळात, जिथे म्हणाल तिथे सगळ्यांसमोर सांगतो.

तिने मान हलवली. "तोंडाचा काय खरा? तवा तिघा जणांनी तोंडान सांगितला. वहीतलाच खरा धरला सगळ्यांनी." मग सूप बाजूला सारून म्हणाली, "लिहून द्या. छापून द्या. नारळी पौर्णिमेला सगळे किनाऱ्यावर येतात. मोठा मुलगा वाचून दाखवील."

त्या जुन्या वहीवर आज माझा हात पोचत नाही. ती कुठल्या कपाटात असेल की रद्दीत गेली असेल, मला माहीत नाही. म्हणून दुरुस्ती इथे करतो आहे. अंकाची पहिली प्रत रजिस्टर पोस्टाने माडवेळला जाईल, पत्ता लिहून ठेवला आहे. सुमन असती तर तिने तो पुन्हा एकदा तपासून घेतला असता. नोंद अशी:

मोटर बंद. भिंग हाताने फिरवले. दुसऱ्या माणसाला बोलावले नाही. घड्याळाने तपासले नाही. काळ पंधरा सेकंद, चूक. तांडेल जनार्दन धाकू याने पंधरा मोजले. दिवा पंधराचाच होता. त्याने बरोबर मोजले.

खाली सही माझी आहे.